कॅल्शियमची गोळी सरकारी घ्यावी की मेडिकलमधली? डहाणू-तलासरीच्या ताटातून समजून घेऊ

पाठ धरली, गुडघे दुखतायत, चढ चढताना दम लागतो. घरात कुणी असं म्हटलं की सल्ला ठरलेला असतो, "कॅल्शियम कमी झालं असेल, गोळ्या सुरू कर." मग मेडिकलमधून एक स्ट्रिप येते. कुणी सांगतं अमुक कंपनीची चांगली, कुणी सांगतं ती महागडी लाल डबी घे. व्हॉट्सअ‍ॅपवर चुना खाण्याचा सल्ला फिरतोच आहे.

पालघर जिल्ह्यातल्या डहाणू आणि तलासरी तालुक्यांत हा प्रश्न जरा जास्त महत्त्वाचा आहे. तलासरीत २०११ च्या जनगणनेनुसार दहापैकी नऊ लोक आदिवासी आहेत, डहाणूतही आदिवासी बहुसंख्य आहेत. मुख्य जेवण भाताचं. इथल्या गरोदर बायकांना आरोग्य उपकेंद्रातून कॅल्शियमच्या गोळ्या मोफत मिळतात. पण फुकट मिळतं ते हलकं आणि पैसे मोजले की चांगलं, हा समज सगळीकडे असतो, तसा इथेही आहे.

म्हणून सरळ प्रश्न विचारूया. कॅल्शियमची गोळी कुणाला लागते, कोणती लागते आणि ती कशी घ्यायची?

रोज किती कॅल्शियम लागतं?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने आणि आयसीएमआरने २०२० मध्ये भारतीयांच्या पोषणाचे नवे आकडे दिले. आधी, म्हणजे २०१० च्या शिफारशीत, प्रौढ माणसाला रोज ६०० मिलीग्रॅम कॅल्शियम पुरेसं मानलं होतं. २०२० मध्ये हा आकडा १००० मिलीग्रॅम झाला. अंगावर पाजणाऱ्या आईसाठी आणि पाळी गेलेल्या बाईसाठी तो १२०० मिलीग्रॅम आहे.

हा आकडा अन्न आणि गोळी दोन्ही मिळून आहे. पहिला गोंधळ इथेच होतो. १००० मिलीग्रॅम लागतं म्हणून लोक १००० मिलीग्रॅमची गोळी शोधतात. खरं तर आधी ताटात किती आहे ते बघायचं आणि जे कमी पडतं तेवढंच बाहेरून घ्यायचं.

डहाणू-तलासरीच्या ताटात किती असतं?

उदाहरणादाखल एक दिवस धरूया. दोन वेळचा भात, थोडी तुरीची डाळ, एखादी भाजी आणि दूध घातलेला चहा. तांदळात कॅल्शियम जवळपास नसतंच, १०० ग्रॅममागे १० मिलीग्रॅमच्या आसपास. डाळ, भाजी आणि चहातलं दूध धरलं तरी दिवसभराची बेरीज २०० मिलीग्रॅमच्या आतबाहेर राहते. म्हणजे गरजेच्या पाचवा हिस्सा.

आता याच ताटात इथलेच तीन पदार्थ घालून बघू.

• नागली: १०० ग्रॅम पिठात साधारण ३६४ मिलीग्रॅम. दोन भाकऱ्या झाल्या की एवढं पीठ पोटात जातं.
• शेवग्याचा पाला: १०० ग्रॅममध्ये ३०० हून जास्त. अर्धी वाटी शिजवलेली भाजी म्हणजे साधारण ५० ग्रॅम पाला, त्यातून १५० च्या आसपास.
• सुके बोंबील: १०० ग्रॅममध्ये हजारच्या वर. मूठभर म्हणजे २५ ग्रॅम घेतले तरी ३०० च्या जवळपास.

भाताच्या २०० मध्ये हे मिळवा. बेरीज हजाराला टेकते, आणि अजून एकही गोळी घेतलेली नाही.

डहाणू, चिंचणी, झाईच्या किनाऱ्यावर वाळणारी मासळी आठवडे बाजारातून आतल्या पाड्यांपर्यंत जाते. सुका जवळा, सुकट, मांदेली यांचे काटे आणि कवच आपण चावून खातो, आणि कॅल्शियम असतं ते त्यातच. भातशेतीतले खेकडे कुटून केलेला रस्सा याच यादीत बसतो. तिळाचा चमचाभर कूट घातला तर शंभरएक मिलीग्रॅमची भर पडते.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. नागलीतलं सगळंच कॅल्शियम शरीराला लागत नाही, कारण त्यात ते अडवून ठेवणारे घटक असतात. पीठ आंबवून केलेली आंबील किंवा मोड आणलेली नागली यात हे घटक कमी होतात. आणि मासळी मीठ लावून वाळवलेली असेल तर रक्तदाबाच्या माणसाने ती जपून खावी.

आणि डहाणू-घोलवडचा प्रसिद्ध चिकू? भौगोलिक मानांकन मिळालेलं हे फळ चवीला उत्तम आहे, पण १०० ग्रॅम चिकूत कॅल्शियम ३० मिलीग्रॅमच्याही आत असतं. हाडांसाठी त्यावर विसंबून चालणार नाही.

मग गोळीची गरज कुणाला आहे?

सगळ्यात आधी गरोदर आणि बाळंत बाईला.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने डिसेंबर २०१४ मध्ये याबद्दल राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानुसार गरोदरपणाच्या १४ व्या आठवड्यापासून बाळंतपणापर्यंत आणि पुढे सहा महिने रोज दोन गोळ्या घ्यायच्या. एका गोळीत ५०० मिलीग्रॅम कॅल्शियम आणि २५० युनिट डी३ जीवनसत्त्व असतं. त्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रात मोफत मिळतात.

यामागचं कारण हाडांपुरतं नाही. गरोदरपणात २० आठवड्यांनंतर काही बायकांचा रक्तदाब अचानक वाढतो आणि लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात. याला प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात. पुढे झटके येऊ शकतात आणि आई-बाळ दोघांचाही जीव धोक्यात येतो. ज्या भागात जेवणातून कॅल्शियम कमी मिळतं, तिथे गरोदरपणात कॅल्शियम दिल्याने हा धोका कमी होतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना अशा भागांसाठी रोज १५०० ते २००० मिलीग्रॅमची शिफारस करते.

गंभीर झालेल्या बाईला तलासरी किंवा कासा भागातून अनेकदा सिल्वासा किंवा वलसाडला हलवावं लागतं. जिथे मोठं रुग्णालय लांब आहे, तिथे आजार टाळणारी गोळी शहरापेक्षा जास्त मोलाची ठरते.

दोन गोळ्याच का? जास्त का नाहीत?

याचं उत्तर देणारं एक मोठं संशोधन जानेवारी २०२४ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलं. बंगळुरूमध्ये सेंट जॉन्स रिसर्च इन्स्टिट्यूटच्या पुढाकाराने आणि टांझानियात, दोन्हीकडे प्रत्येकी ११ हजार पहिलटकरणींवर ते झालं. निम्म्या जणींना रोज ५०० मिलीग्रॅम कॅल्शियम दिलं, निम्म्यांना १५०० मिलीग्रॅम.

भारतात ५०० वाल्या गटात प्रीएक्लॅम्पसिया ३.० टक्के बायकांना झाला, १५०० वाल्या गटात ३.६ टक्के. टांझानियात हे आकडे ३.० आणि २.७ टक्के होते. म्हणजे या आजारापुरता कमी डोस जास्त डोसइतकाच कामाचा निघाला. मुदतीआधी बाळंत होण्याच्या बाबतीत भारतात तसंच दिसलं, टांझानियात मात्र ते सिद्ध झालं नाही.

यातून आपल्या कामाचं काय? सरकारी दोन गोळ्या या दोन आकड्यांच्या मध्ये बसतात. त्याहून ताकदवान म्हणून महागडी गोळी घेण्यात काही हशील नाही. आणि एखाद्या दिवशी एक गोळी चुकली तर "आता काय उपयोग" म्हणून पाकीट बाजूला टाकण्याचं कारणही नाही. दुसरी घ्या, उद्यापासून पुन्हा दोन सुरू करा. नियम स्वतःहून बदलू नका, डॉक्टरांनी सांगितलं तरच बदला.

पाकिटावरचा कोणता आकडा वाचायचा?

गोळी विकत घेणार असाल तर हा भाग नीट वाचा, कारण पैसे इथेच वाचतात किंवा वाया जातात.

कॅल्शियम गोळीत सुटं नसतं, ते दुसऱ्या घटकाशी जोडलेलं असतं. कॅल्शियम कार्बोनेटमध्ये प्रत्यक्ष कॅल्शियम ४० टक्के असतं. कॅल्शियम सायट्रेटमध्ये साधारण २१ टक्के, लॅक्टेटमध्ये १३ टक्के आणि ग्लुकोनेटमध्ये फक्त ९ टक्के.

म्हणून १२५० मिलीग्रॅम कार्बोनेटच्या गोळीत ५०० मिलीग्रॅम कॅल्शियम मिळतं. पण पाकिटावर नुसतं "कॅल्शियम कार्बोनेट ५०० मिलीग्रॅम" लिहिलं असेल तर हातात येतं २०० मिलीग्रॅम. समोर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा सोडा, मागे बारीक अक्षरात 'इलेमेंटल कॅल्शियम' किती ते शोधा. दोन कंपन्यांच्या किमतीची तुलना त्याच आकड्यावर करा.

'ऑयस्टर शेल' आणि 'कोरल' कॅल्शियमच्या नावाने महाग विकलं जाणारं औषध मुळात कार्बोनेटच असतं. शिंपल्यातून आलं म्हणून हाडांना जास्त लागतं असं नाही. तेच मीठ आणि तोच डोस जनऔषधी केंद्रातल्या स्वस्त गोळीतही मिळतो.

पाकिटावर औषधाचा उत्पादन परवाना क्रमांक आहे की अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, हेही बघा. पहिला असेल तर ते औषध म्हणून तयार झालंय, दुसरा असेल तर ते पूरक आहार म्हणून विकलं जातंय. दोघांचे नियम वेगळे आहेत.

गुणवत्तेचा प्रश्नही खरा आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेने जाहीर केलेल्या यादीत ५० हून जास्त औषधांचे नमुने दर्जाच्या चाचणीत नापास झाले होते. त्यात कॅल्शियम-डी३ च्या गोळ्यांचाही नमुना होता. काही कंपन्यांनी सांगितलं की ती बॅच आमची नाहीच, म्हणजे नावाजलेल्या ब्रँडच्या नक्कलही बाजारात फिरतात. म्हणून बिल घ्या आणि बॅच क्रमांक जपून ठेवा. नाव मोठं आहे एवढ्यावर माल खरा ठरत नाही.

कार्बोनेट की सायट्रेट?

कार्बोनेट स्वस्त आहे. ते विरघळायला पोटातलं आम्ल लागतं, म्हणून ते जेवणासोबतच घ्यायचं. उपाशीपोटी घेतलं तर बरंचसं वाया जातं. काहींना त्याने बद्धकोष्ठ किंवा गॅस होतो.

सायट्रेट महाग आहे, पण जेवणाशिवायही चालतं. अ‍ॅसिडिटीची गोळी रोज घेणाऱ्यांना, वयामुळे पोटातलं आम्ल कमी झालेल्यांना किंवा कार्बोनेट अजिबात न सोसणाऱ्यांना ते बरं पडतं. बाकीच्यांनी त्यासाठी जास्त पैसे मोजायची गरज नाही.

आणि एका वेळी साधारण ५०० मिलीग्रॅमच घ्या. शरीर एकदम जास्त कॅल्शियम शोषू शकत नाही. १००० ची एक गोळी घेण्यापेक्षा ५०० च्या दोन वेगवेगळ्या वेळी घेणं केव्हाही चांगलं.

सगळ्यात जास्त होणारी चूक

गरोदर बाईला दोन प्रकारच्या गोळ्या मिळतात, लोहाची आणि कॅल्शियमची. लक्षात राहावं म्हणून दोन्ही एकदम गिळल्या जातात. पण कॅल्शियम लोहाला अडवतं. रक्त वाढवायची गोळी पोटात जाते आणि तिचा उपयोग कमी होतो. दोन्हींमध्ये किमान दोन तासांचं अंतर हवं, असं सरकारी सूचनाही सांगतात.

हे जमवायची सोपी वेळ डहाणू-तलासरीत आहे. राज्य सरकारच्या डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत आदिवासी भागातल्या बायकांना गरोदरपणाचे शेवटचे तीन महिने आणि बाळंतपणानंतर सहा महिने अंगणवाडीत एक वेळचं पूर्ण जेवण मिळतं. ही योजना २०१५ पासून आहे. कॅल्शियमची एक गोळी या जेवणासोबत घ्या, दुसरी रात्रीच्या जेवणासोबत. लोहाची गोळी झोपताना घ्या, रात्रीच्या जेवणानंतर दोन तासांनी. ती चहासोबत घेऊ नका.

थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांच्यात चार तासांचं अंतर हवं. मूतखडा झालेला असेल किंवा किडनीचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कॅल्शियम सुरूच करू नका.

दुखणं कॅल्शियमचं नसेल तर?

पालघर जिल्ह्यात हा प्रश्न गोळीच्या आधी विचारायला हवा.

इथल्या आदिवासी समाजात सिकलसेल आढळतो. या आजारात लाल रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात आणि रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हाडांत आणि सांध्यांत असह्य कळा येतात. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून ते झिजूही शकतं. विशी-तिशीतल्या मुलाचं किंवा मुलीचं अंग वारंवार ठणकत असेल, तर कॅल्शियमच्या स्ट्रिपमागून स्ट्रिप खाऊन खरा आजार लपून राहतो आणि वेळ जातो.

केंद्राने १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केलं. त्यात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करण्याचं उद्दिष्ट ठेवलं. ही तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते. आधी ती करून घ्या.

पाठदुखीसोबत संध्याकाळी ताप येत असेल, वजन घटत असेल तर मणक्याच्या टीबीची शंका घ्यायला हवी. यातलं काहीही कॅल्शियमने बरं होत नाही.

पन्नाशीनंतर रोज एक गोळी घ्यावी का?

पाळी गेली की हाडांची झीज वाढते, हे खरं आहे. पण धडधाकट बाईने नुसती गोळी घेतली की हाड मोडणार नाही, हे सिद्ध झालेलं नाही. अमेरिकेत ३६ हजारांहून जास्त बायकांवर झालेल्या अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २००६ मध्ये आले, १००० मिलीग्रॅम कॅल्शियम आणि ४०० युनिट डी देऊनही खुब्याचं हाड मोडण्याच्या प्रमाणात खात्रीने सांगता येईल असा फरक पडला नाही. मूतखड्याचा धोका मात्र १७ टक्क्यांनी वाढला.

पण हा निष्कर्ष इथे जसाच्या तसा लावता येणार नाही. त्या बायकांना सुरुवातीपासूनच दिवसाला हजारच्या वर कॅल्शियम मिळत होतं. २०० मिलीग्रॅमवर दिवस काढणाऱ्या बाईची गोष्ट वेगळी. तिने आधी ताट सुधारावं, कमी पडतं तिथे ५०० ची एक गोळी जेवणासोबत घ्यावी. हलक्या पडण्याने हाड मोडलं असेल, उंची कमी झाली असेल किंवा पाठीला बाक आला असेल तर तपासणी करून हाडांचं वेगळं औषध लागतं. तेव्हा नुसतं कॅल्शियम पुरत नाही.

चुना आणि ६० हजारांची पुडी

"रोज गव्हाच्या दाण्याएवढा चुना खा" हा मेसेज तुम्हालाही आला असेल. हिशेब करून बघू. गव्हाचा दाणा साधारण ४० ते ५० मिलीग्रॅमचा. तेवढा चुना घेतला आणि तो अगदी कोरडा, शुद्ध धरला तरी त्यात कॅल्शियम २५ मिलीग्रॅमच्या आसपास. म्हणजे दोन मोठे चमचे दुधापेक्षा कमी. जास्त घेतला तर तोंड आणि अन्ननलिका भाजते. तंबाखूत मळून घेतलेला चुना तर हाडांना मदत करतच नाही, तंबाखू त्यांना पोखरते.

डी३ ची ६० हजार युनिटची पुडी किंवा कॅप्सूल आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडे घ्यायची असते. काही लोक ती रोजची समजून घेतात. डी जीवनसत्त्व शरीरात साठतं, जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि उलट्या, अशक्तपणा, किडनीला इजा असे त्रास होतात. चिठ्ठीशिवाय ही पुडी घेऊ नका.

खरी अडचण दिवाळीनंतर सुरू होते

इतकं सगळं कळलं तरी एक गोष्ट उरते. गोळ्या महिनोन् महिने चालू राहायला हव्यात, आणि इथली अनेक कुटुंबं वर्षभर एका जागी नसतात. भात कापून झाला की कुणी भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातं, कुणी गुजरातच्या बाजूला. गरोदर बाई गेली की अंगणवाडीचं जेवण सुटतं, आशाताईंची भेट सुटते, गोळ्याही सुटतात.

राज्याच्या महिला व बालविकास विभागाने अशा कुटुंबांचा माग ठेवण्यासाठी 'महाएमटीएस' ही यंत्रणा आणली. तिच्या पथदर्शी टप्प्यातल्या जिल्ह्यांत पालघर होता. तिची परीक्षा अशाच बाईच्या बाबतीत आहे. नाव नोंदलं गेलं, पण भट्टीवर गोळ्या पोचल्या नाहीत, तर त्या नोंदीचा काय उपयोग?

कुटुंबाला आजही करता येईल अशा तीन गोष्टी आहेत. निघण्याआधी उपकेंद्रात सांगा आणि जितके महिने बाहेर राहणार तितक्या गोळ्या मागून घ्या. महिन्याच्या ६० लागतात. माता-बाल संरक्षण कार्ड सोबत ठेवा. आणि गोळ्या संपल्या तर जिथे असाल तिथल्या सरकारी केंद्रात कार्ड दाखवून मागा. हा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, गुजरातमध्येही तोच लागू आहे.

मोठा प्रश्न मात्र व्यवस्थेचा आहे. डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयात आयसीएमआरशी जोडलेलं आदर्श ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र आहे. पावसाळ्यात, सुगीत आणि भट्टीच्या दिवसांत इथल्या बायकांच्या पोटात रोज किती कॅल्शियम जातं, याचं मोजमाप इथेच होऊ शकतं आणि त्यावरून गोळ्यांचा पुरवठा ठरवता येऊ शकतो.

तोवर गरोदर किंवा बाळंत बाईने सरकारी गोळी बिनधास्त घ्यावी. तिच्यातलं ५०० मिलीग्रॅम आणि महाग स्ट्रिपमधलं ५०० मिलीग्रॅम एकच आहे. फरक पडतो तो जेवणासोबत घेण्याने, लोहाच्या गोळीपासून दूर ठेवण्याने आणि मध्ये खंड न पडू देण्याने. बाकीच्यांनी स्ट्रिपचे पैसे आधी नागली आणि सुकटीवर खर्च करून बघायला हरकत नाही.